साठी बुद्धी नाठी : एका म्हणीची तपासणी

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण मराठी घरात कोणाला मुद्दाम शिकवावी लागत नाही. आजोबा कपाळावर चढवलेला चष्मा घरभर शोधू लागले की नातवंडेही ती सहज म्हणून जातात. साठी उलटलेली माणसे स्वतःही हसत हसत तिचा आधार घेतात. या म्हणीत खरे तर दोन विधाने दडलेली आहेत. पहिले असे, की ठरावीक वयानंतर माणसाची बुद्धी व आठवण जातेच. दुसरे असे, की हे नैसर्गिक असल्याने त्याबाबत काही करण्यासारखे नाही.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याने म्हणीकडे गृहीतक म्हणून पाहावे. हे गृहीतक गेली सुमारे दीडशे वर्षे अनेकांनी अनेक रीतींनी तपासले आहे. त्या तपासणीत हुशार माणसांच्या हातून चुका झाल्या आणि त्या चुकांचे परिणाम कोट्यवधी वृद्धांना भोगावे लागले. म्हणून हा इतिहास शिक्षकांनी जाणून घेण्यासारखा आहे. त्याचा आरंभ मात्र सोलापूरशी जवळचे नाते असलेल्या एका जुन्या कथेपासून करू.

गिरनारचे आचार्य

दिगंबर जैन समाजात ज्येष्ठ शुद्ध पंचमी ही ‘श्रुतपंचमी’ म्हणून पाळली जाते. त्या दिवशी ग्रंथांची पूजा होते. ‘श्रुत’ म्हणजे ऐकलेले ज्ञान. महावीरांनंतर कित्येक शतके हे ज्ञान गुरूने सांगावे आणि शिष्याने मुखोद्गत करावे अशा पद्धतीने टिकले. पिढ्यांमागून पिढ्या गेल्या तसा त्याचा एकेक भाग लुप्त होत गेला. परंपरा सांगते, की इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या सुमारास त्यातील एक मोठा भाग जाणणारे आचार्य धरसेन गिरनारच्या चंद्रगुहेत राहत होते. आपले आयुष्य थोडे उरले आहे आणि आपल्यामागे हे ज्ञान नाहीसे होईल, या चिंतेने त्यांनी दक्षिणेकडील आचार्यांना पत्र पाठवले. तिकडून दोन तरुण मुनी आले. पुढे ते पुष्पदंत आणि भूतबली या नावांनी प्रसिद्ध झाले.

धरसेनांनी आधी त्यांची परीक्षा घेतली. दोघांना एकेक मंत्र साधनेसाठी दिला. एकात एक अक्षर मुद्दाम जास्त घातले होते, दुसऱ्यात एक अक्षर कमी ठेवले होते. साधनेअंती दोन देवता प्रकट झाल्या, पण एकीचे दात पुढे आलेले आणि दुसरी एका डोळ्याची. देवतांना व्यंग नसते, तेव्हा चूक मंत्रातच असली पाहिजे, असे दोघांनी ओळखले आणि व्याकरणाच्या आधारे मंत्र दुरुस्त केले. मग धरसेनांनी त्यांना शिकवायला सुरुवात केली. आषाढ शुद्ध एकादशीला शिकवणे पूर्ण झाले. त्या दोघांनी पुढे जी सूत्रे रचली ती ‘षट्खंडागम’ या नावाने ओळखली जातात. त्यांवर नवव्या शतकाच्या आरंभी वीरसेनाचार्यांनी ‘धवला’ ही विस्तृत टीका लिहिली.

या ग्रंथाची जुनी ताडपत्रे कर्नाटकातील मूडबिद्री येथील मठात जुन्या कन्नड लिपीत जपलेली होती. ती दर्शनासाठी असत, वाचनासाठी नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या नकला व्हाव्यात म्हणून ज्यांनी खटपट केली, त्यांत मुंबईचे शेठ माणिकचंद आणि सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी हे प्रमुख होते. हिराचंद हे ‘जैन बोधक’ या मराठी नियतकालिकाचे संस्थापक आणि उद्योगपती वालचंद हिराचंद यांचे वडील. नकलांचे काम अनेक वर्षे चालले. ‘धवले’चा पहिला छापील खंड प्रा. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ मध्ये अमरावतीहून निघाला आणि पुढच्या सुमारे वीस वर्षांत सोळा खंड पूर्ण झाले. नंतरच्या सुधारित आवृत्त्या सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघाने जीवराज जैन ग्रंथमालेतून काढल्या.

ही परंपरेतील कथा आहे, प्रयोगाचा अहवाल नव्हे. तरीही तिच्यात एक बारकाई आहे. धरसेनांना काळजी होती ती आपण विसरू याची नव्हे, आपण जाऊ याची. आयुष्यभर घोकलेले ज्ञान उतारवयातही त्यांच्यापाशी शाबूत होते. ते इतके शाबूत होते, की एका अक्षराचा फरक योजून ते परीक्षा घेऊ शकले. नवे ज्ञान साठवण्यासाठी मात्र त्यांनी तरुण शिष्य मागवले. जुने सांभाळणे आणि नवे साठवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कथा रचणाऱ्यांना ठाऊक असावे. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणणाऱ्याला हा भेद दिसत नाही. आधुनिक विज्ञानालाही तो दिसायला बराच वेळ लागला.

पहिली मोजमापे

फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्युल रिबो यांनी १८८१ मध्ये स्मृतीच्या आजारांवर पुस्तक लिहिले. आजारात अलीकडच्या आठवणी आधी जातात आणि जुन्या मागाहून, असे त्यांनी रुग्णांच्या नोंदींवरून मांडले. कालचे जेवण न आठवणारी आजी आपल्या लग्नातले मानपान मात्र तपशीलवार सांगते, हा अनुभव या नियमाशी जुळतो. चारच वर्षांनी, १८८५ मध्ये, जर्मनीतील हेरमान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतःच पाठ करून आपण त्या किती वेगाने विसरतो हे मोजले. स्मृतीसारखी गोष्ट आकड्यांत मांडता येते हे प्रथमच दिसले. पण प्रयोगात माणूस एकच होता आणि तोही तिशी-पस्तिशीतला. वयाचा प्रश्न त्यात नव्हता.

तो प्रश्न पुढे आला युद्धामुळे. १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली तेव्हा सुमारे सतरा लाख सैनिकांच्या बुद्धिचाचण्या घेण्यात आल्या. रॉबर्ट यर्क्स यांच्या संपादनाखाली १९२१ मध्ये त्यांचा प्रचंड अहवाल निघाला. त्यात अधिकाऱ्यांचे गुण वयानुसार मांडलेले होते आणि वय वाढेल तसे गुण उतरताना दिसत होते. विशीनंतर घसरण सुरू होते, असा अर्थ त्यातून काढला गेला. म्हण म्हणते साठी. शास्त्र म्हणू लागले विशी!

१९३३ मध्ये जोन्स व कॉनरॅड या दोघांनी अमेरिकेतील खेड्यांतल्या सुमारे बाराशे लोकांची चाचणी घेऊन हा प्रश्न जरा खोलात नेला. त्यांनी एकूण गुण न पाहता प्रत्येक प्रकारच्या प्रश्नांचे गुण वेगळे काढले. तेव्हा दिसले, की शब्दसंग्रह आणि सामान्य ज्ञान यांत वयस्क मंडळी मागे पडत नव्हती. नवे कोडे सोडवणे, वेळेत उत्तर देणे यांत ती मागे पडत होती. पुढे रेमंड कॅटेल यांनी याच भेदाला सिद्धांताचे रूप दिले. साचलेले ज्ञान आणि तत्काळ विचार करण्याची क्षमता ही बुद्धीची दोन अंगे आहेत आणि ती वयाबरोबर सारखी चालत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. धरसेनांच्या कथेतला भेद इथे पुन्हा भेटतो.

तुलनेतली चूक

या सर्व अभ्यासांत एक चूक सामाईक होती. एकाच वर्षी वीस वर्षांचा माणूस आणि सत्तर वर्षांचा माणूस शेजारी बसवायचे, दोघांची चाचणी घ्यायची आणि जो फरक दिसेल तो वयामुळे आहे असे मानायचे. पण या दोघांत फक्त वयाचा फरक असतो काय?

आपल्याकडचे उदाहरण घेऊ. १९५१ च्या जनगणनेत भारतातील साक्षरता सुमारे १८ टक्के होती आणि स्त्रियांची तर ९ टक्क्यांहूनही कमी. २०११ मध्ये एकूण साक्षरता ७४ टक्क्यांवर गेली. त्या २०११ सालीच सोलापूर जिल्ह्यातील एखाद्या खेड्यात सत्तरीची आजी आणि महाविद्यालयात जाणारी तिची नात यांना वीस शब्दांची छापील यादी पाठ करायला दिली असती, तर काय झाले असते? नात जिंकली असती. पण आजी शाळेची पायरी चढलेली नसेल, तर आपण मोजले काय? वय की शाळा? हीच आजी शंभर ओव्या न अडखळता म्हणत असेल, तर त्या मोजायला आपल्या चाचणीत जागाच नव्हती.

ही चूक टाळण्याचा मार्ग एकच. त्याच माणसांना वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा तपासायचे. वॉर्नर शाय यांनी १९५६ मध्ये अमेरिकेतील सिएटल शहरात पाचशे प्रौढांपासून असा अभ्यास सुरू केला आणि दर सात वर्षांनी त्याच लोकांना व शिवाय नव्या लोकांना तपासत तो अनेक दशके चालवला. निष्कर्ष असा निघाला, की तरुण व वृद्ध यांच्यातला पूर्वी दिसलेला फरक बऱ्याच अंशी पिढ्यांमधला होता. नंतर जन्मलेल्या पिढ्यांना अधिक शिक्षण आणि चांगले आरोग्य मिळाले होते. एकाच माणसाचा आलेख पाहिला तर बहुतेक क्षमतांत ठळक घसरण साठीच्या आसपास किंवा त्यानंतर सुरू होते, आणि तीही सर्वांत सारखी नसते.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. तीच चाचणी पुन्हा दिल्याने सराव होतो. शिवाय आजारी माणसे गळून जातात आणि धडधाकट तेवढी उरतात. म्हणून हा आलेख थोडा जास्तच गोड दिसतो. सत्य या दोन पद्धतींच्या मध्ये कुठेतरी आहे, असे आज मानले जाते. घसरण आहे, ती खरी आहे. पण म्हण सांगते तितकी ती सरसकट नाही.

पेशींचा हिशोब

दुसरी चूक सूक्ष्मदर्शकाखाली झाली. १९५५ मध्ये हॅरॉल्ड ब्रॉडी यांनी नवजात अर्भकापासून नव्वदी ओलांडलेल्या व्यक्तींपर्यंत वेगवेगळ्या वयांत मृत्यू पावलेल्यांचे मेंदू घेऊन मेंदूच्या बाह्यकातील चेतापेशी मोजल्या. वृद्धांच्या मेंदूत त्या बऱ्याच कमी आढळल्या. यावरून प्रौढ माणसाच्या मेंदूत रोज हजारो पेशी मरतात आणि मेलेल्या पेशींबरोबर आठवणीही जातात, ही समजूत पाठ्यपुस्तकांत शिरली आणि तिथे तीसेक वर्षे राहिली.

मोजणीत दोष होता. मेंदूचे काप करण्यापूर्वी तो रसायनात टिकवावा लागतो आणि त्यात तो आक्रसतो. तरुणांचा मेंदू अधिक आक्रसतो, वृद्धांचा कमी. जास्त आक्रसलेल्या तुकड्यात तेवढ्याच जागेत जास्त पेशी दिसणारच. दाटी मोजली गेली आणि ती संख्या समजली गेली. १९८० च्या दशकात जर्मनीतील हर्बर्ट हाउग यांनी हा घोळ दाखवून दिला. त्याच सुमारास दाटीवर विसंबून न राहता एकूण संख्या काढण्याच्या नव्या पद्धती आल्या. १९९७ मध्ये डेन्मार्कमधील पाकेनबर्ग व गुंडरसेन यांनी अशी मोजणी प्रसिद्ध केली. वीस ते नव्वद या सत्तर वर्षांच्या पल्ल्यात बाह्यकातील पेशींच्या संख्येत सुमारे दहा टक्क्यांचाच फरक होता. जुन्या अभ्यासांतील वृद्ध मेंदूंपैकी काही न ओळखलेल्या आजाराने ग्रासलेले असावेत, असेही लक्षात आले.

वर्गात घनता आणि संख्या यांतला फरक शिकवताना याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

मग आठवण ओसरते ती का?

पेशी फारशा मरत नसतील तर बदलते काय? आज मिळणारे उत्तर असे, की पेशी राहतात पण त्यांचे परस्परांशी असलेले दुवे झिजतात.

प्रत्येक चेतापेशीच्या फांद्यांवर बारीक काट्यांसारखे उंचवटे असतात. दुसऱ्या पेशींशी संपर्क होतो तो बहुधा यांच्यावर. वृद्ध माकडांच्या मेंदूचा अभ्यास केला असता कपाळामागच्या भागातले, त्यातही नव्या गोष्टी शिकताना कामी येणारे नाजूक उंचवटे कमी झालेले दिसतात. पेशींच्या लांब तंतूंवर मायलिन नावाचे आवरण असते. ते जागोजागी विरते आणि संदेश मंदावतात. अवधान टिकवण्यासाठी लागणारे डोपामीन हे द्रव्य व त्याची ग्राहके विशीपासूनच हळूहळू घटत जातात. आणि मेंदूच्या आतल्या बाजूला, समुद्रघोड्यासारख्या आकाराचा ‘हिप्पोकॅम्पस’ नावाचा जो भाग आहे, तो उतारवयात दरवर्षी एक-दोन टक्क्यांनी आक्रसतो.

या हिप्पोकॅम्पसचे काम कळले ते एका दुर्दैवी शस्त्रक्रियेमुळे. १९५३ मध्ये अमेरिकेतील हेन्री मोलेसन या सत्तावीस वर्षांच्या तरुणाचे अपस्माराचे झटके थांबावेत म्हणून दोन्ही बाजूंचा हा भाग काढण्यात आला. झटके कमी झाले, पण नवी आठवण साठवण्याची शक्ती गेली. बालपण आठवे, पाच मिनिटांपूर्वी भेटलेला माणूस आठवत नसे. कॅनडातील ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांचा अभ्यास करून १९५७ मध्ये शल्यविशारद स्कोव्हिल यांच्यासह तो प्रसिद्ध केला. हिप्पोकॅम्पस हे आठवणींचे कायमचे कोठार नव्हे. नवी आवक नोंदवणारा तो कारकून आहे, असे म्हणता येईल. कारकून थकला तरी कोठारातला जुना माल जागेवर राहतो. ताज्या घटना निसटतात आणि जुने टिकते, याचे कारण इथे आहे. जाता जाता नोंदवावे, की मिल्नरबाईंनी २०१८ मध्ये वयाची शंभरी गाठली आणि नव्वदी उलटल्यावरही त्या संशोधनात मग्न होत्या. एका उदाहरणाने नियम ठरत नाही. पण म्हणीला प्रश्न विचारायला ते पुरेसे आहे.

आता रोजच्या अनुभवाकडे वळू. नावेच का विसरतात? आपल्याकडच्या आडनावांचे उदाहरण घ्या. एखादा माणूस मडकी घडवतो असे सांगितले तर चाक, माती, भट्टी असे अनेक दुवे मनात तयार होतात आणि ‘कुंभार’ हा व्यवसाय लक्षात राहतो. पण बँकेत काम करणाऱ्या माणसाचे आडनाव ‘कुंभार’ असेल, तर त्या आडनावाला चिकटायला काहीच नसते. एकाच दुव्यावर लोंबकळणारी गोष्ट आधी निसटते. ती पुसली गेलेली नसते. कोणी नुसते ‘कुं’ म्हटले तरी आठवते. १९६६ मध्ये शॉनफील्ड व रॉबर्टसन यांनी हेच प्रयोगाने दाखवले. शब्दांची यादी स्वतःहून आठवायला सांगितली तर वृद्ध बरेच मागे पडतात. पण अनेक शब्दांतून यादीतला शब्द ओळखायला सांगितला तर तरुण व वृद्ध यांत फारसे अंतर राहत नाही. अडचण पुष्कळदा साठवणीत नसते, शोधून काढण्यात असते.

त्यातच वेग मंदावतो. टिमथी सॉल्टहाउस यांनी १९९६ मध्ये मांडले, की मनात माहिती हाताळण्याचा वेगच कमी झाला तर पुढचे पाऊल टाकेपर्यंत मागचे विरते. फलाटावरची घोषणा पुरती समजण्याआधीच संपावी, तसे हे होते. ऐकू कमी येत असेल तर भर पडते. जे नीट ऐकूच आले नाही, ते आठवणार कोठून?

म्हणीची दुसरी चूक

आतापर्यंत आपण निरोगी वार्धक्याविषयी बोललो. तिथे म्हण अतिशयोक्ती करते. पण म्हणीमुळे याच्या नेमके उलट नुकसानही होते.

१९०१ मध्ये जर्मनीतील फ्रांकफुर्टच्या रुग्णालयात आउगुस्टे नावाची एक्कावन्न वर्षांची स्त्री दाखल झाली. तिला स्वतःचे नाव लिहिणेही जमत नव्हते. तिच्या मृत्यूनंतर आलोइस अल्झायमर यांनी तिचा मेंदू तपासला. पेशींमध्ये धाग्यांचा गुंता आणि पेशींबाहेर चकत्यांसारखे साके त्यांना दिसले. १९०६ मध्ये त्यांनी हे एका सभेत मांडले आणि १९१० मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी या आजाराला त्यांचे नाव दिले. पण रुग्ण एक्कावन्न वर्षांची असल्याने हा अकाली येणारा दुर्मीळ आजार ठरला. सत्तर-ऐंशीव्या वर्षी कोणी घरचा रस्ता विसरला, मुलाला ओळखेनासा झाला, तर ते ‘म्हातारपण’ समजले जाई. सुमारे साठ वर्षे वैद्यकशास्त्रानेच साठी बुद्धी नाठी म्हटले!

१९६८ मध्ये इंग्लंडमधील न्यूकासल येथे ब्लेसेड, टॉमलिन्सन व रॉथ यांनी वृद्धांच्या मेंदूंचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. म्हातारचळ म्हणून सोडून दिलेल्या अनेकांच्या मेंदूत अल्झायमर यांनी पाहिलेल्याच खुणा होत्या. १९७६ मध्ये अमेरिकेतील रॉबर्ट कॅट्झमन यांनी ठामपणे लिहिले, की हे दोन्ही एकच आहे आणि हा मोठ्या प्रमाणावर पसरलेला आजार आहे. त्यानंतरच त्यावरील संशोधनाला पैसा आणि माणसे मिळू लागली.

हा भेद प्रत्येक घराला उपयोगी आहे. नवी पेठेत जाऊन काय आणायचे ते विसरणे वेगळे आणि रोजच्या वाटेवरून घरी परतता न येणे वेगळे. चष्मा कुठे ठेवला हे विसरणे वेगळे आणि चष्मा कशासाठी असतो हे न कळणे वेगळे. तोच प्रश्न तासाभरात अनेकदा विचारणे, पैशांचे साधे व्यवहार न जमणे, स्वभाव अचानक पालटणे ही वयाची लक्षणे नव्हेत. अशा वेळी ‘वय झाले’ म्हणून बसून राहू नये; डॉक्टरांना दाखवावे. ‘ब-१२’ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार, नैराश्य, काही औषधांचे परिणाम यांमुळेही आठवण बिघडते आणि यांवर उपचार आहेत. वयाच्या नावावर खपवलेला बरा होण्याजोगा आजार ही या म्हणीची खरी किंमत आहे.

हैदराबाद, सोलापूर आणि शाळा

सर्वांची आठवण सारख्या गतीने ओसरत नाही, मग फरक कशाने पडतो? या प्रश्नावरचे एक महत्त्वाचे संशोधन आपल्या शेजारी झाले. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमधील डॉ. सुवर्णा अल्लादी व सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासून २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा दोन वा अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजाराची लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झाली होती. शाळेत न गेलेल्या रुग्णांतही हा फरक दिसला. म्हणजे तो निव्वळ शिक्षणाचा परिणाम नव्हता. एक भाषा बोलताना दुसरी आवरून धरावी लागते आणि त्यातून मेंदूला सतत व्यायाम घडतो, असा यामागचा तर्क आहे. इतर ठिकाणच्या, तीच माणसे दीर्घकाळ तपासणाऱ्या काही अभ्यासांत मात्र हा फायदा आढळला नाही. त्यामुळे हा वाद मिटलेला नाही. तरी पूर्व भागातले तेलुगूभाषक विणकर, अक्कलकोटकडचे कानडीभाषक, उर्दू बोलणारे आणि मराठी अशा शेजाऱ्यांत दिवसभरात तीन भाषांतून व्यवहार करणाऱ्या सोलापूरकराला या प्रश्नाचे कुतूहल वाटावे. उत्तर शोधायला सोलापूर हे उत्तम ठिकाण आहे.

शाळेविषयी मात्र पुरावा भक्कम आहे. भारतातील वृद्धांच्या देशव्यापी पाहणीवर आधारित अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. साठ वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे आणि त्याचे प्रमाण स्त्रियांत, ग्रामीण भागात व कमी शिकलेल्यांत अधिक आहे. ज्या पिढीतल्या मुलींना शाळा मिळाली नाही, ती आज म्हातारपणी त्याची भरपाई करते आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञमंडळाने २०२४ मध्ये टाळता येण्याजोग्या चौदा कारणांची यादी दिली. लहानपणी शिक्षण न मिळणे, कमी ऐकू येणे, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, हालचालीचा अभाव, एकाकीपणा ही त्यांतली काही. ही सर्व कारणे दूर करता आली तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकेल किंवा लांबेल, असा अंदाज आहे. २०११ मध्ये कर्क एरिक्सन यांच्या चमूने १२० वृद्धांवर केलेल्या प्रयोगात, आठवड्यातून तीन दिवस चालण्याचा व्यायाम वर्षभर करणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस आक्रसण्याऐवजी सुमारे दोन टक्क्यांनी वाढला. सर्व प्रयोगांत असाच निकाल मिळालेला नाही. पण चालायला खर्च येत नाही.

वर्गात करण्याजोगे

आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना एक प्रकल्प देता येईल. रोजच्या वापरातले पंधरा शब्द निवडावेत व ते सावकाश, स्पष्ट वाचून दाखवावेत. छापील यादी देऊ नये, म्हणजे न शिकलेल्यांवर अन्याय होणार नाही. दहा मिनिटांनी, आठवतील तेवढे शब्द सांगायला सांगावे. मग त्या पंधरांत नवे पंधरा मिसळून ‘हा शब्द यादीत होता का?’ असे विचारावे. हे घरातल्या तीन पिढ्यांवर करावे आणि वयाबरोबरच शाळेची वर्षे, ऐकू येणे व बोलता येणाऱ्या भाषा यांचेही रकाने ठेवावेत. दोन्ही कसोट्यांत आजी-आजोबांचे व मुलांचे अंतर सारखेच आहे का, ते पाहावे. शेवटी शाय यांचा प्रश्न वर्गाला विचारावा : दिसलेला फरक वयाचाच आहे, हे तुम्ही कशावरून म्हणता? या प्रश्नावरची चर्चा निकालापेक्षा मोलाची ठरेल. कोणाच्या घरच्या वृद्धांना यावरून विसराळू ठरवू नये, एवढे पथ्य पाळावे.

पहिलीच्या वर्गात आज बसलेली मुलगी आणखी सत्तर वर्षांनी म्हातारी होईल. तिची आठवण तेव्हा कशी असेल, हे ठरवणाऱ्या गोष्टींपैकी एक आत्ता आपल्या हातात आहे : ती शाळेत टिकते की नाही. धरसेनांनी शिष्यांना शिकवले ते ज्ञान टिकावे म्हणून. शिकवल्याने ज्ञानाबरोबर शिकणाऱ्याची स्मरणशक्तीही टिकायला मदत होते, ही भर विज्ञानाने त्यात घातली आहे.